आचाऱ्याची यादी आणि रात्री साडेतीनची पावती

मार्चचा दुसरा आठवडा, सकाळचे सात वाजले असतील, काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांच्या ओळखीतले, नागपुरात कळमन्याच्या पुढे भंडारा रोडकडे त्यांचा धर्मकाटा, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, आहे आणि त्या काट्यावरचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे, रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत. "पोरी, तुझी पावती कालची तारीख दाखवून राहिली." मी अजून अंथरुणातच. म्हटलं सगळ्या पावत्या का? "नाही नं, दिवसाच्या बरोबर आहेत. रात्रीच्या गाड्यांच्याच चुकून राहिल्या."

मृग बहाराच्या संत्र्याचे दिवस होते. मार्केटात जायच्या आधी गाड्या रात्री दोन-अडीचपासूनच काट्यावर उभ्या राहतात, भरलेल्या गाडीचा एक काटा, खाली करून परत येताना रिकाम्या गाडीचा दुसरा, आणि त्या दोन वजनांतल्या फरकावर पुढचा सगळा पैशांचा हिशोब. एका व्यापाऱ्याने पावती परत पाठवली होती. माल आजचा, पावती कालची, मी कोणत्या दिवसात धरू? त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून किती वेळ झाला एवढंच सांगतं, तेही यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, भारताची वेळ वगैरे त्याला माहीतच नसते. पावतीवर वेळ छापताना मी साडेपाच तास मिळवले होते. तारीख काढताना नाही. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात पावती खोटं बोलत होती, वेळ आजची आणि तारीख कालची, आणि उरलेले साडेअठरा तास सगळं झकास. मी टेस्टिंग केलं होतं दुपारी, संध्याकाळी, एकदा जेवण झाल्यावर अकरा वाजता. प्रत्येक वेळी बरोबर!

१९,८०० सेकंद योग्य जागी मिळवले, प्रोग्राम परत पाठवला, काकांना फोन केला, झालं. पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. कारण आता बरोबर आहे हे मी सिद्ध कसं करणार? तारीख काढणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला तेवढं एक काम करणारा तुकडा, आतल्या आत स्वतःच घड्याळाला विचारत होतं किती वाजले. बाहेरून बघाल तर त्याला काहीच लागत नाही, बाहेरून द्यायच्या गोष्टी लिहायचा कंस रिकामा, इतकं स्वावलंबी. पण त्याला रात्रीचे साडेतीन दाखवायचे तर मला एकतर साडेतीनपर्यंत जागावं लागणार नाहीतर कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे-मागे करावं लागणार. दिवसा उजेडी बसून रात्रीची परीक्षा घ्यायची सोयच मी ठेवली नव्हती.

फंक्शनला लागणारी वस्तू त्याने स्वतः न आणता बाहेरून हातात द्यायची, या सोयीला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारी आहे, आणि नावामुळेच अर्धे लोक घाबरतात असं माझं मत. हे नाव रूढ झालं २००४ मध्ये, मार्टिन फाउलर यांनी त्या जानेवारीत लिहिलेल्या एका लेखामुळे, त्याआधी लोक इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल म्हणायचे आणि त्यात काहीही बसायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये जावा या भाषेसाठीचं स्प्रिंग १.० हे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, आलं, आणि पुढची वीस वर्षं आमच्यासारख्या पोट्ट्यांनी हे दोन शब्द स्प्रिंगमधूनच शिकले. मी पण. इथल्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत चार वर्षं जावा लिहिली, क्लासच्या, म्हणजे कोडच्या एका गठ्ठ्याच्या, आत फील्ड, म्हणजे लागणाऱ्या वस्तूची जागा, लिहायचं, वर ऑटोवायर्डचा शिक्का मारायचा, आणि प्रोग्राम सुरू होताना फ्रेमवर्क रिफ्लेक्शनने आत डोकावून बघतं की बाबा तुला काय काय पाहिजे, शोधून आणतं आणि बसवून देतं. सोय आहे, नाकारत नाही. पण त्या सोयीत एक गोष्ट व्हायची, एखाद्या क्लासला बारा-चौदा गोष्टी लागतात हे कोणाच्या लक्षातच यायचं नाही, कारण मागायला कष्टच पडत नव्हते. आणि एखादी गोष्ट मिळाली नाही तर ते कळायचं प्रोग्राम सुरू केल्यावर.

रस्टमध्ये आल्यावर मी आधी तोच शिक्का शोधला. नाहीये. चालू प्रोग्राममध्ये एखाद्या स्ट्रक्टला, म्हणजे रस्टमधल्या माहितीच्या गठ्ठ्याला, विचारता येत नाही की तुझ्या आत कोणती फील्ड आहेत, ती माहिती कंपायल झाल्यावर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनल्यावर, उरतच नाही. शिवाय नको झालेली वस्तू आपोआप उचलणारा गार्बेज कलेक्टर नाही, त्यामुळे "कोणीतरी आणून देईल, कोणीतरी उचलून टाकेल" हा हिशोब चालत नाही. तशा काही क्रेट, म्हणजे रस्टच्या लायब्ररी, आहेत, मॅक्रो वापरून स्प्रिंगसारखं करून देणाऱ्या, मी दोन-तीन उघडून पाहिल्या आणि बंद केल्या. कारण मधल्या काळात मला आमच्या घरचे महाराज आठवले.

डिसेंबरात माझ्या आतेभावाचं लग्न झालं, स्वयंपाक घरचाच, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घालून. आठ दिवस आधी आचारी महाराज घरी आले, चहा घेतला आणि यादी सांगायला लागले, आई जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत होती. तूरडाळ, बेसन, तेलाचे डबे, हिरव्या मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, लसूण सोललेला. मग भांडी, मोठ्या कढया दोन, लहान एक, गंज चार, पराती. आई म्हणाली, झारा? "झारा माझा मी आणतो वहिनी, दुसऱ्याच्या झाऱ्यानं माझी बुंदी पडत नाही." बस. महाराजांनी तेलाचं दुकान कोणतं ते विचारलं नाही, आमच्या कोठीच्या किल्ल्या मागितल्या नाहीत, ऐन वेळेवर इतवारीत पळाले नाहीत. त्यांना काय लागतं ते आधी सांगितलं, आम्ही आणून मांडलं, मग त्यांनी चूल पेटवली.

डिपेंडन्सी इंजेक्शन एवढंच आहे. फंक्शनच्या कंसात, नाहीतर वस्तू बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरच्या कंसात यादी लिहायची, आणि आत गेल्यावर बाहेर काही आणायला जायचं नाही.

पण रस्टमध्ये ही यादी जावापेक्षा एक पाऊल पुढची असते आणि माझं प्रेम बसलं ते तिथे. महाराजांच्या यादीकडे परत बघा. तेल आणि बेसन त्यांना दिलं की दिलं, संपणार, परत मागायचं नाही. कढया आणि गंज भाड्याने भांडी देणाऱ्या बिछायत केंद्रातून आणलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून परत करायचे, एक पळी कमी निघाली तर वाद. आणि झारा त्यांचा स्वतःचा. तीन वस्तू, तीन वेगळी नाती. आईने कॅलेंडरच्या मागे लिहिलं तेव्हा हे नातं कागदावर नव्हतं, सगळ्यांच्या डोक्यात होतं. रस्ट ते कागदावर लिहायला लावतं. वस्तू नुसती लिहिली तर ती मालकीसकट दिली. पुढे अँडचं चिन्ह (&) लावलं तर उसनी, बघायला, एकाच वेळी कितीही जणांनी बघावी. अँड म्यूट (&mut) लावलं तर उसनीच, पण हात लावायचा हक्क असलेली, मग त्या वेळात दुसऱ्या कोणाच्या हातात ती नसणार, एका कढईत एकच झारा. आणि मालक जायच्या आधी उसनी वस्तू परत आलीच पाहिजे हे बॉरो चेकर, म्हणजे उसनवारीचा तपासनीस, कंपायल करतानाच बघतो, बिछायतवाला सकाळी दारात येईपर्यंत थांबत नाही.

जावामध्ये मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की हे डेटाबेसचं कनेक्शन नेमकं कोणाचं आहे. गरजच पडली नव्हती. रस्टमध्ये पहिल्याच दिवशी पडली.

तर मी प्रोग्राम परत लिहायला घेतला. काट्याचं काम तसं साधं आहे, प्लॅटफॉर्मखाली वजन मोजणारे लोड सेल, त्यांच्या वायरी केबिनमधल्या इंडिकेटरला, ते लाल आकड्यांचं डबडं असतं नं ते, आणि इंडिकेटर सिरियल केबलवरून आकडे सोडत राहतो, ९,६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. माझा प्रोग्राम ते वाचतो, वजन स्थिर झालं की पकडतो, पावती छापतो. म्हणजे बाहेरच्या जगातून तीन गोष्टी लागतात: आकडे येणारं पोर्ट, घड्याळ, प्रिंटर. जुन्या कोडमध्ये तिन्ही गोष्टी स्ट्रक्ट स्वतःच उघडत होतं. नवीनमध्ये तिन्ही कंसात मागितल्या.

पहिल्यांदा जेनेरिकने केलं. म्हणजे स्ट्रक्टला सांगायचं की तुला एक क मिळेल, तो वाचता येणारा असला पाहिजे, एक घ मिळेल, तो वेळ सांगणारा असला पाहिजे. कंपायलर मग खऱ्या पोर्टसाठी एक आणि टेस्टमधल्या खोट्या पोर्टसाठी एक अशा अख्ख्या वेगळ्या प्रती काढतो, चालताना काहीच शोधाशोध नाही, खर्च शून्य. फार सुंदर वाटलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ही अक्षरं वर चढतात. काट्याला क, घ आणि प्रिंटरचा प लागतात, मग काटा ज्याच्या आत आहे त्यालाही लिहावी लागतात, त्याच्या वरच्यालाही, स्ट्रक्टचं काम लिहायच्या प्रत्येक इम्प्लच्या डोक्यावर त्याच त्याच अटी, पावती फाईलमध्ये जमा करणाऱ्या बिचाऱ्या स्ट्रक्टला घड्याळाचं काही देणंघेणं नाही तरी त्याच्या नावाला घ चिकटलेला. उसनवारी धरून ठेवली तर लाइफटाइमचंही, म्हणजे उसनवारीच्या मुदतीच्या खुणेचंही, तेच होतं.

दुसरा रस्ता डिन ट्रेटचा, ट्रेट म्हणजे वस्तूला काय करता आलं पाहिजे त्याची अट. बॉक्समध्ये काहीतरी आहे, ते वाचता येतं, नेमकं काय आहे ते विचारू नका. पॉइंटर, म्हणजे वस्तू कुठे आहे तो पत्ता, दुप्पट जाड होतो, ६४ बिटच्या मशीनवर १६ बाइट, अर्धा डेटाकडे बोट दाखवतो आणि अर्धा व्हीटेबलकडे, म्हणजे कोणतं फंक्शन कुठे आहे त्या तक्त्याकडे, आणि दर वेळी त्या तक्त्यातून जावं लागतं. रस्टवाल्या लोकांना हा खर्च ऐकला की कसंतरी होतं, मलाही झालं, म्हणून मी हिशोबच मांडून पाहिला. ९,६०० बॉडवर एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, दहा बिट धरून. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तीस लाख ठोके पडून जातात. तक्त्यातून जायला त्यातले किती लागणार? मूठभर. त्या दिवसापासून माझा नियम ठरला, जिथे आतल्या लूपमध्ये लाखो वेळा हाक मारायची आहे तिथे जेनेरिक, आणि जिथे पलीकडे केबल, डिस्क, प्रिंटर, माणूस आहे तिथे बिनधास्त डिन. यात कमीपणा काही नाही.

एक चूक मात्र मी जावाच्या सवयीने केली. पोर्ट वाचणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली स्वतंत्र चालणारी कामाची धार, वेगळा, छापणारा वेगळा, दोघांनाही सगळं लागेल असं समजून मी प्रत्येक गोष्ट आर्कमध्ये, म्हणजे सामायिक मालकीत, गुंडाळली, वर म्यूटेक्सचं कुलूप लावलं आणि सगळ्यांना प्रती वाटल्या. चाललं की. कंपायलरनेही अडवलं नाही, कारण आर्क थ्रेडच्या पलीकडे पाठवता येतो, त्याचाच एका थ्रेडपुरता भाऊ आरसी असता तर कंपायलरने तिथेच हात धरला असता. पण वाचून बघितल्यावर मला माझंच कोड परत जावासारखं दिसायला लागलं, सगळं सगळ्यांचं, मालक कोणीच नाही. शेवटी पोर्ट वाचणाऱ्या थ्रेडला पोर्ट कायमचं देऊन टाकलं आणि त्याच्याकडून वजन चॅनेलवर, म्हणजे दोन थ्रेडमधल्या नळीतून, यायला लागलं. कुलपं गेली.

आता टेस्टची गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात आवडते. खोटा काटा बनवायला मला खोट्या वस्तू बनवून देणारी कोणतीही मॉक लायब्ररी लागली नाही. रस्टमध्ये वाचता येणाऱ्या कशालाही रीड नावाचा ट्रेट असतो, फाईलला असतो, सिरियल पोर्टला असतो, आणि साध्या बाइटच्या स्लाइसलाही, म्हणजे मेमरीतल्या तुकड्यालाही, असतो. म्हणजे कोडमध्ये अवतरणात "१२३४०" लिहिलं आणि काट्याच्या हातात दिलं की त्याला वाटतं इंडिकेटरवरून बारा हजार तीनशे चाळीस किलो आलं. तसंच राइट ट्रेट व्हेकला, म्हणजे वाढत जाणाऱ्या यादीला, आहे, म्हणजे प्रिंटरच्या जागी रिकामा व्हेक द्यायचा, पावती त्यात छापली जाते, मग उघडून बघायचं काय छापलं. ही माणसं किती विचार करून गेलीत हे असं कधीतरी समोर येतं आणि मला खरंच भरून येतं.

पण हा खोटा काटा फार सरळ वागायचा. दिलेला आकडा एका दमात देऊन मोकळा. खरी केबल तशी नसते, वाचायला जावं तर कधी "१२३" हातात येतं आणि "४०" पुढच्या वेळी. काट्यावर बसून बघितलं तेव्हा एका भरलेल्या दहाचाकीचं वजन स्क्रीनवर क्षणभर एकशे तेवीस किलो दिसलं, आणि मी जागच्या जागी थंड पडले, कारण टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. मग टेस्टमध्ये दोन तुकडे चेनने जोडून दिले, आधी पहिला संपतो मग दुसरा, अगदी केबलसारखं, आणि टेस्ट लाल झाली. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबायचं हे मी लिहिलंच नव्हतं. बाहेरून वस्तू देता येते हे खरं, पण टेस्टमध्ये दिलेली वस्तू खऱ्या वस्तूइतकीच त्रासदायक असायला हवी, हे त्या दहाचाकीने शिकवलं.

आणि ती रात्रीची टेस्ट. रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ पासून नावं देवनागरीत देता येतात, मी सहसा देत नाही, पण या एका टेस्टचं नाव मी "रात्री_साडेतीनला_तारीख_आजचीच" असं ठेवलं. घड्याळ नावाचा ट्रेट केला, त्याची दोन रूपं, एक खरं, एक हातात धरून थांबवलेलं. थांबवलेल्याला साडेतीन सांगितले, चालवलं. टर्मिनलमध्ये मात्रा थोड्या इकडेतिकडे झाल्या, पण पुढे ओके आलं. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं, कूलरच्या ताट्या अजून बदलायच्या राहिल्या होत्या, आणि माझ्या समोर रात्रीचे साडेतीन वाजून पावती निघाली होती. मी उठून आईला सांगायला गेले. ती म्हणाली बरं झालं बाई, जेवून घे आता.

हे सगळं झाल्यावर चार-पाच दिवसांनी मी तेच कोड परत वाचत होते, आणि महाराजांची यादी परत डोक्यात. त्यांनी दुकान विचारलं नव्हतं, तेल मागितलं होतं. आणि मी तारीख काढणाऱ्या फंक्शनला काय दिलं होतं? घड्याळ. अख्खं दुकान. त्याला घड्याळ कशाला पाहिजे, त्याला वेळ पाहिजे, एक आकडा! गाडीचं वजन ज्या क्षणी स्थिर झालं तो क्षण वजनासोबतच नोंदवायचा आणि तोच आकडा पुढे द्यायचा. मग ट्रेट नको, बॉक्स नको, खोटं घड्याळ नको. टेस्टमध्ये साडेतीनचा आकडा द्यायचा, संपलं. वर एक फायदा असा झाला जो माझ्या डोक्यातही नव्हता: बाराला पाच मिनिटं कमी असताना काटा झाला आणि प्रिंटरचा कागद संपल्यामुळे पावती बारानंतर निघाली तरी तारीख काट्याच्या वेळेचीच येते, कागदाच्या वेळेची नाही. आधीच्या कोडमध्ये ते चुकलंच असतं. घड्याळाचा ट्रेट मी उडवला. देवनागरी नावाची टेस्ट ठेवली, तिच्यातल्या ओळी अर्ध्या झाल्या.

तेव्हापासून कंसात काही लिहिण्याआधी मी थांबते. क्लिपी, म्हणजे रस्टचं कोड वाचून टोकणारं साधन, सात पॅरामीटरपर्यंत, म्हणजे कंसातल्या सात गोष्टींपर्यंत, गप्प असते आणि आठव्याला बोलते, पूर्वी मी आठ गोष्टी एका स्ट्रक्टमध्ये कोंबून तिला गप्प करायचे. आता आधी बघते की यातल्या किती गोष्टी दुकान आहेत आणि किती तेल. पोर्ट खरंच पोर्टच लागतं, त्यातून पुन्हा पुन्हा वाचायचं असतं, तिथे दुसरा इलाज नाही. पण सेटिंगची अख्खी फाईल घेऊन आतमध्ये फक्त काट्याचं नाव वाचणारं फंक्शन माझ्याकडे होतं. नाव दिलं, फाईल काढली.

सगळी जुळवाजुळव आता मेनमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये, आहे. पोर्ट उघडायचं, प्रिंटर उघडायचा, चॅनेल बनवायचं, ज्याचं त्याला द्यायचं, साधारण तीस ओळी. वरून खाली वाचलं की कोणाच्या हातात काय आहे ते दिसतं, आणि संपताना मेनच्या हातात जे उरलं असेल ते उलट्या क्रमाने मिटत जातं, शेवटी आणलेली वस्तू आधी परत. जावावाल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला एवढं हाताने कशाला लिहून राहिली? मला ते हाताने लिहिण्यातच सुख आहे.

दिवाळीच्या आधी काकांनी दुसरा काटा बसवला, पहिल्याच्या शेजारी, मोठ्या ट्रेलरसाठी. मी मेनमध्ये दुसरं पोर्ट उघडलं, दुसरा काटा बनवला, आठ-दहा ओळी, बाकी कुठेही हात लावला नाही. फक्त एका ठिकाणी अडकले. पावतीचा नंबर. दोन काटे, दोन थ्रेड, नंबर एकच चालू. म्हणजे तो दोघांमध्ये वाटून द्यावा लागणार, आर्क आणि दोघांनी एकदम बदलला तरी न चुकणारा ॲटॉमिक आकडा, कठीण नाही, पण परत तेच, सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. अर्धा दिवस मी त्यावर बसले. मग गाडी काढली आणि काट्यावरच गेले.

काका केबिनमध्ये होते. मी विचारलं, काका, कॉम्प्युटरच्या आधी दोन काटे असते तर पावतीचा नंबर कोणी ठेवला असता?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अशी काहून विचारून राहिली? दोन काटे म्हटले का दोन पुस्तकं. याचं हे, त्याचं ते. एकाच पुस्तकावर दोघं जण लिहतीन तर दिवसभर ओढाताण नाही का होनार?" आणि खालच्या कप्प्यातून त्यांनी दोन जुनी पावतीपुस्तकं काढली, कडा पिवळ्या पडलेली. एकाच्या प्रत्येक नंबराआधी अ छापलेला, दुसऱ्याच्या ब.

घरी येऊन मी आर्क काढून टाकला. प्रत्येक काट्याच्या कंसात एक अक्षर वाढवलं.